दोन मिलिमीटरची पळवाट

१९७५ साली चेकोस्लोव्हाकियातल्या उहेर्स्की ब्रोद गावच्या कारखान्यातून एक पिस्तूल बाहेर पडलं. ज्या देशात ते जन्मलं, त्या देशाच्या सैन्याला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता. चेकोस्लोव्हाकिया वॉर्सा कराराच्या गोटात होता, त्यामुळे त्याच्या सैन्याची काडतुसं सोव्हिएत मापांची. हे नवं पिस्तूल होतं ९×१९ मिलिमीटरचं, म्हणजे थेट नाटोच्या काडतुसाचं. शत्रूच्या काडतुसाचं पिस्तूल आपल्या कारखान्यात का बनवायचं? कारण सरळ होतं, परकीय चलन. विकायचं ते बाहेर, आणि बाहेर खप होता तो ९×१९चा.

त्या पिस्तुलाचं नाव सीझेड ७५, आणि ते घडवणारा अभियंता फ्रांतिशेक कोउत्स्की. पुढची गंमत तर आणखी चक्रावून टाकणारी आहे. या रचनेचं पेटंट गुप्त ठेवण्यात आलं. गुप्त पेटंटमुळे देशातल्या देशात कुणी नक्कल करणार नाही हे खरं, पण देशाबाहेर त्याला संरक्षणच उरलं नाही. मग इटलीत, स्वित्झर्लंडमध्ये, तुर्कस्तानात, इस्रायलमध्ये, अगदी चीनमध्येसुद्धा या पिस्तुलाची भावंडं निघाली. इतकं जपून ठेवलेलं गुपित इतकं उघडं पडल्याचं दुसरं उदाहरण शस्त्रांच्या इतिहासात मला तरी चटकन आठवत नाही.

त्यातल्या बहुतेक भावंडांमध्ये उतरलेला एक गुण म्हणजे पोलादी फ्रेम. पिस्तूल निवडताना आजही लोक ज्या दोन प्रश्नांवर तासन्‌तास वाद घालतात, त्यातला पहिला हाच : फ्रेम पोलादाची घ्यावी की हलक्या प्लास्टिकची? आणि दुसरा : सगळे वापरतात तेच काडतूस घ्यावं, की एखादं वाट चुकलेलं? हे दोन्ही प्रश्न मुळात एकाच भागाकाराच्या दोन बाजू आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. 'प्लास्टिकचं पिस्तूल' असं आपण म्हणतो तेव्हा त्याची नळी आणि वरची सरकणारी स्लाइड पोलादाचीच असते. प्लास्टिकची असते ती फक्त फ्रेम, म्हणजे मूठ, चापाभोवतीचा भाग आणि ज्या पट्ट्यांवर स्लाइड धावते त्यांना धरून ठेवणारा सांगाडा. त्या पट्ट्याही पोलादाच्याच असतात आणि प्लास्टिकमध्ये रोवलेल्या असतात. म्हणजे सगळा वाद खालच्या अर्ध्या भागाचा. पण या अर्ध्या भागाने किती फरक पडतो पाहा. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, अ‍ॅल्युमिनियमची २.७ पट, आणि पिस्तुलात वापरतात त्या पॉलिमरची पाण्याहून थोडीशीच जास्त. सीझेड ७५ रिकामं मॅगझीन लावून साधारण १.१ किलो भरतं. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियातून आलेलं ग्लॉक १७ तसंच तोललं तर ७०० ग्रॅमच्या आसपास.

आता गोळी झाडू, कागदावर. ९×१९ची एक नेहमीची गोळी ८ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने निघते. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो होतो २.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. गोळीमागून सुसाटणाऱ्या वायूचा वाटा धरला की जवळजवळ ३. न्यूटनच्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो. यात घासाघीस नाही. पिस्तूल सोन्याचं असो की सागवानाचं, ३ म्हणजे ३.

पण हा ३ पिस्तूल कसा घेतं, हे त्याच्या वजनावर ठरतं. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरते. छोटी पडाव असेल तर झर्रकन, मोठी लाँच असेल तर जेमतेम. पोलादी पिस्तुलाचा मागे येण्याचा वेग ३ भागिले १.१, म्हणजे सेकंदाला २.७ मीटर. हलक्याचा ३ भागिले ०.७, म्हणजे ४.३. आणि हाताला जाणवणारी ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून पोलादी पिस्तूल हातात सुमारे ४ ज्यूल सोडतं, तर हलकं ६.४. काडतूस तेच, गोळी तीच, संवेगही तोच, तरी मनगटावर दीडपटीहून जास्त फरक.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. गोळी घेऊन जाते ती ऊर्जा ४९० ज्यूल. पिस्तुलाच्या वाट्याला येतात ४. संवेग जवळजवळ निम्मानिम्मा वाटून घेणारे दोघे, पण ऊर्जेच्या वाटणीत एकाला जवळजवळ सगळं आणि दुसऱ्याला एक टक्काही नाही. हे असं नसतं, तर पिस्तूल नावाचं यंत्र माणसाच्या हातात धरताच आलं नसतं.

पोलादाचे बाकीचे गुण यामानाने किरकोळ. ते वाकत नाही, पट्ट्या झिजायला पिढ्या लागतात, दुरुस्ती करणाऱ्याला त्यावर काम करता येतं. तोटे मात्र खरे आहेत. दिवसभर कमरेला एक किलोहून जास्त वजन वागवणं ही शिक्षा आहे, आणि घामाने व दमट हवेने पोलाद गंजतं. ज्याला पिस्तूल अंगावर बाळगावं लागतं त्याला मी पोलादी फ्रेम कधीच सुचवणार नाही. ज्याला ते नेमबाजीच्या मैदानावर वापरायचं आहे त्याला दुसरं काही सुचवणार नाही.

सीझेड ७५ मध्ये आणखी एक खुबी आहे. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड फ्रेमला बाहेरून कवेत घेते; इथे ती फ्रेमच्या आतून धावते. ही कल्पना कोउत्स्कीच्या आधी स्विस सैन्याच्या पी२१० या पिस्तुलात होती, आणि त्या पिस्तुलाची मुळं शार्ल पेत्तेर या अभियंत्याच्या फ्रेंच पिस्तुलात, मॉडेल १९३५-ए मध्ये. त्या फ्रेंच पिस्तुलाचं काडतूस होतं ७.६५ मिलिमीटर लाँग. जगात इतर कुणी फारसं न वापरलेलं हे काडतूस फ्रेंचांनी घेतलं होतं एका अमेरिकन प्रयोगावरून : पहिल्या महायुद्धात साध्या रायफलला जोडण्यासाठी गुपचूप बनवलेल्या पेडरसन यंत्राच्या काडतुसावरून. अमेरिकेने ते यंत्र मोडीत काढलं आणि त्याचं काडतूस फ्रान्समध्ये जगलं. आडवळणाच्या काडतुसांच्या वंशावळी या अशाच असतात. कुणाचं तरी टाकून दिलेलं कुणीतरी उचललेलं असतं.

आता पळवाटेकडे येऊ. ज्या १९७५ साली सीझेड ७५ आलं, त्याच साली इटलीत शस्त्रांचा नवा कायदा, क्रमांक ११०, झाला. सैन्याची काडतुसं नागरिकांना मिळू नयेत हे त्याचं एक सूत्र. ९×१९ हे सैन्याचं काडतूस; म्हणून सामान्य नेमबाजाला ते वर्ज्य. पण इटलीत व्हाल त्रोम्पिया नावाची दरी आहे, जिथे लोक पाच शतकं बंदुका घडवत आले आहेत. बेरेत्ता घराण्याकडे १५२६ सालच्या एका व्यवहाराचा कागद आहे : व्हेनिसच्या शस्त्रागाराला पुरवलेल्या १८५ नळ्यांचा. अशा दरीतले लोक कायदा वाचून हात जोडून बसतील, ही अपेक्षाच चुकीची.

उत्तर आलं इस्रायलच्या आयएमआय कंपनीच्या काडतुसाच्या रूपाने, १९८० च्या सुमारास : ९×२१. नावातच फरक दिसतो. पुंगळी १९ ऐवजी २१ मिलिमीटर लांब. म्हणजे जास्त दारू, जास्त ताकद? मुळीच नाही. पुंगळी दोन मिलिमीटरने वाढवली आणि गोळी तेवढीच आत ढकलली. काडतुसाची एकूण लांबी तीच, म्हणून मॅगझीन तेच. दारूसाठी उरणारी जागाही साधारण तीच, म्हणून वेग तोच. पिस्तूलही तेच, फक्त नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा दोन मिलिमीटर खोल कोरलेली. मात्र हे काडतूस सैन्याच्या पिस्तुलात बसत नाही, आणि कायद्याला एवढंच हवं होतं.

त्याच दरीतल्या तान्फोल्यो कंपनीने सीझेड ७५ची पोलादी फ्रेम उचलली, तिला ९×२१ची नळी जोडली, आणि इटलीच्या मैदानांवर ही जोडी वर्षानुवर्षं गाजली. चेक कारखान्याचं गुप्त पेटंट, इटलीचा सावध कायदा आणि इस्रायलचं काडतूस, असे तीन देशांचे तीन योगायोग एका हातात मावणाऱ्या वस्तूत. शेवटी २०२१ च्या अखेरीस इटलीने कायदा बदलला आणि ९×१९ नागरिकांना खुलं केलं. चाळीस वर्षं जे काडतूस दुकानादुकानांत मिळायचं, त्याच्या असण्याचं कारणच एका दुरुस्तीने पुसलं गेलं. हत्यारं मात्र आहेत, त्यामुळे काडतूसही काही काळ राहील.

अटलांटिकच्या पलीकडे असंच एक पात्र आहे, आणि माझा जीव त्याच्यावर जास्त जडलेला आहे : .३८ सुपर. १९०० साली जॉन ब्राउनिंगने कोल्ट कंपनीसाठी केलेल्या पहिल्यावहिल्या पिस्तुलाबरोबर .३८ एसीपी हे काडतूस आलं. पुढे १९११ चं प्रसिद्ध .४५चं पिस्तूल आलं, सैन्याने ते घेतलं आणि .३८ मागे पडलं. मग १९२९ मध्ये कोल्टने तीच जुनी पुंगळी घेतली, तिच्यात दाब वाढवला आणि १९११ च्या भरभक्कम पोलादी फ्रेममध्ये ती बसवली. तो काळ दारूबंदीचा आणि मोटारीतून पळणाऱ्या टोळ्यांचा. मोटारीचा पत्रा आणि तेव्हाची चिलखती बंडी भेदणारं पिस्तूल म्हणून .३८ सुपरचं नाव झालं. नाव झालं म्हणजे दोन्ही बाजूंना झालं : जॉन डिलिंजर आणि 'बेबी फेस' नेल्सन या दरोडेखोरांच्या हातीही तेच होतं. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आलं आणि पोलिसांचं लक्ष तिकडे गेलं.

शिवाय .३८ सुपरवर एक कलंक होता, तो नेम नीट न लागण्याचा. त्याचं कारण फार बारीक आहे. काडतूस नळीत किती खोल जाऊन थांबायचं हे काहीतरी ठरवायला हवं. ९×१९मध्ये पुंगळीचं तोंड पुढच्या कडेला टेकतं आणि थांबतं. .३८ सुपरच्या पुंगळीला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड होती, आणि कोल्टच्या नळीत ते त्या इवल्याशा कडेवर थांबायचं. टेकायला जागा इतकी कमी की दर वेळी काडतूस जरा वेगळं बसणार. पन्नासेक वर्षं लोक काडतुसाला दोष देत राहिले. मग अमेरिकेतल्या बार-स्टो या नळ्या बनवणाऱ्या कारखान्याने काडतूस तोंडावर थांबेल अशी नळी कोरली, आणि तेच बदनाम काडतूस नेमबाजांचं लाडकं झालं.

ते लाडकं होण्याचं दुसरं कारण होतं एक नियमपुस्तक. १९७६ मध्ये आयपीएससी ही संघटना स्थापन झाली. धावत, वळत, वेळेशी झुंजत नेमबाजी करण्याचा हा खेळ. हलक्या काडतुसाने कुणी फुकटचा फायदा घेऊ नये म्हणून त्यांनी 'पॉवर फॅक्टर' ठरवला : गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांमध्ये, गुणाकार करा आणि हजाराने भागा. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलात तर 'मेजर', म्हणजे कडेला लागलेल्या गोळीलाही जास्त गुण. आज खुल्या गटात हा आकडा १६० आहे. पण वजन गुणिले वेग म्हणजे काय? आपला संवेगच. १६० चं मेट्रिकमध्ये रूपांतर केलं तर साधारण ३.२ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतात. खेळाचे नियम लिहिणाऱ्यांनी नकळत न्यूटनलाच पंच नेमलं होतं.

मग नेमबाजांनी डोकं चालवलं. संवेग ठरलेला आहे ना? तो जड गोळी सावकाश सोडून गाठता येतो, जशी .४५, किंवा हलकी गोळी वेगात सोडून, जशी .३८ सुपर. दुसऱ्या रस्त्याला दारू जास्त लागते, म्हणजे वायू जास्त. ऐकायला तोटाच वाटतो. पण नळीच्या टोकाला वर तोंड असलेल्या फटी असलेला कॉम्पेन्सेटर बसवला, की तोच जास्तीचा वायू वर उसळतो आणि नळीचं तोंड खाली दाबतो. जे काडतूस जास्त भडकतं, तेच स्वतःचा झटका जास्त मारून टाकतं! १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉब लेथम आणि ब्रायन इनोस यांनी हे करून दाखवलं, आणि बघता बघता खुल्या गटात .४५ दिसेनासं झालं. मॅगझीनमध्ये एक-दोन काडतुसं जास्त मावायची, तो वरचा नफा.

तेव्हा ९×१९ने मेजर गाठायला बंदी होती, कारण त्याच्या आखूड पुंगळीत दाब धोक्याच्या पातळीला जायचा. पुढे ती बंदी उठली, आणि .३८ सुपरचा भाव उतरला. मैदानावर हा फरक डोळ्यांनी दिसतो. ९×१९वाला रिकाम्या पुंगळ्यांकडे ढुंकून पाहत नाही. .३८ सुपरवाला मात्र खेळ संपला की गवतात वाकून एकेक पुंगळी शोधतो, कारण ती महाग, आणि पुन्हा भरून वापरायची. मेक्सिकोत तर या काडतुसाची आणखीच तऱ्हा. सैन्याचं .४५ तिथे लोकांना वर्ज्य, म्हणून .३८ सुपरची कोल्ट पिस्तुलं, नक्षीच्या मुठींसकट, प्रतिष्ठेची खूण झाली. १९७२ च्या शस्त्र कायद्याने मग सामान्यांना चालणाऱ्या पिस्तुलांच्या यादीतून .३८ सुपरला नाव घेऊन वगळलं.

भारतात हा खेळ उलटा फिरतो. आपल्याकडे बंदुकीचे दोन वर्ग : 'प्रोहिबिटेड बोअर' आणि 'नॉन-प्रोहिबिटेड बोअर', बोलीत पीबी आणि एनपीबी. सैन्याची काडतुसं, म्हणजे ९ मिलिमीटर, .३०३, .४५५ अशी, पीबीत जातात, आणि त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या हाती. एनपीबीचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. त्यामुळे जगभर खपणारं ९×१९ इथे दुर्मिळ, आणि जगाने जवळजवळ विसरलेलं 'बत्तीस बोअर' इथे घराघरांतलं. अर्थात, ज्या घरांत परवाना आहे त्या.

बत्तीस बोअर म्हणजे दोन वेगळी काडतुसं, आणि इथे घोळ नको. पिस्तुलाचं .३२ एसीपी हे त्याच ब्राउनिंगचं, १८९९ चं. गोळी साडेचार ग्रॅमच्या थोडी वर, संवेग ९×१९च्या निम्म्याहूनही कमी. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे वेगळं, १८९६ च्या सुमाराचं. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलिसांचे प्रमुख असताना त्यांनी पोलिसांना दिलेलं कोल्ट रिव्हॉल्व्हर .३२चंच होतं. .३२ लाँगच्या काही काडतुसांच्या बुडावर 'केएफ' असा ठसा असतो. ही केएफ म्हणजे खडकी, पुण्याची. १८६९ मध्ये सुरू झालेला दारूगोळा कारखाना. न्यूयॉर्कच्या जमादाराचं काडतूस मुळा नदीकाठी बनतं, हे कळल्यावर मला काही वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता आपला भागाकार इथे लावून पाहा. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं .३२चं रिव्हॉल्व्हर काढलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. महिलांसाठी हलकं म्हणून त्याची जाहिरात झाली. .३२ लाँगचा संवेग साधारण १.४. त्याला अर्ध्या किलोने भागा : सेकंदाला २.८ मीटर. म्हणजे सव्वा दोन पट जड पोलादी सीझेड ७५ नाटोच्या काडतुसाने जितक्या वेगाने मागे येतं, तितक्याच वेगाने हे नाजूक रिव्हॉल्व्हर या म्हाताऱ्या काडतुसाने. हलकेपणाची किंमत चुकती झाली.

आणि भाज्य छोटं, भाजक मोठा असं दोन्ही जमवलं तर? जागतिक नेमबाजीच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचं कोणतंही माप चालतं. अव्वल नेमबाजांची पसंती बहुतेक वेळा .३२ लाँगलाच, सपाट नाकाच्या गोळीची, कारण ती कागदावर पंचाने पाडल्यासारखं गोल भोक पाडते. पिस्तूल मात्र किलोहून जड. झटक्याची ऊर्जा येते एका ज्यूलच्या आसपास. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात जसपाल राणाने ६०० पैकी ५९० गुण मिळवून सुवर्णपदक घेतलं आणि जागतिक विक्रमाशी बरोबरी केली.

म्हणून कुणी मला विचारलं की वेगळं काडतूस घ्यावं का, तर मी आधी ताकदीचा आकडा पाहत नाही. आधी पाहावं की ते बनवतं कोण, विकतं कोण, आणि कोणत्या कायद्याच्या किंवा नियमाच्या टेकूवर ते उभं आहे. टेकू निघाला की पोलादी पिस्तूल शंभर वर्षं टिकेल, आणि त्यात घालायला काही नसेल. भारतात याच्या उलट चित्र दिसतं. सर्वसामान्यांसाठी बंदुकांची आयात १९८० च्या दशकात थांबली, त्यामुळे त्याआधी आलेल्या .३२च्या जुन्या जर्मन वॉल्थर पिस्तुलांना आज इथे लाखांत किंमत आहे. तेवढे पैसे युरोपात कुणी त्यांना देणार नाही.

या टेकूवर आता बाहेरचेही येऊन उभे राहतात. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने २०२० मध्ये उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे रिव्हॉल्व्हर बनवायला सुरुवात केली, बोअर अर्थातच .३२. वेब्लीचं नाव जगभर गाजलं ते ब्रिटिश सैन्याच्या .४५५ रिव्हॉल्व्हरमुळे, आणि ते .४५५ आपल्या पीबी यादीत आहे.